वेंगुर्ल्यात चार दिवस: कुठे जेवायचं, काय बघायचं? (आणि बाबांचं बांगड्याचं तिखलं)

समीर_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस वेंगुर्ल्याला यायचं ठरतंय. मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. मालवण-तारकर्ली दोनदा झालंय, स्कुबा वगैरे सगळं झालं, यावेळी गर्दी नको म्हणून वेंगुर्ला. नेटवर बघितलं तर सगळीकडे तीच पाच ठिकाणं आणि तेच फोटो, म्हणून इथे विचारतोय.

खरं कारण बाबांचं आहे. ते ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त दोन वर्षं सावंतवाडीला होते आणि रविवारी मित्राच्या घरी वेंगुर्ल्याला जायचे, तिथे त्या मित्राची आई बांगड्याचं काहीतरी घट्ट लालभडक करायची त्यात तिरफळ (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) असायचं, बाबा त्या कालवणाला तिखलं म्हणतात. पुण्यात आम्ही कितीतरी मालवणी हॉटेलं पालथी घातली पण ते काही मिळालं नाही, जे येतं ते नारळाचं पातळ कालवण. तो मित्र आता नाही, घरही विकलं गेलंय. तर ते कुठे मिळेल?

आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात, फार चढउतार नको. गाडी आमची आहे. राहण्याची सोय बघितलीय, फक्त खाणं आणि फिरणं सांगा.

नवाबागवाली
समीरदादा, डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे अगदी चांगला वेळ निवडलाय. समुद्र शांत असतो, बांगडा भरपूर येतो, आणि गावागावात जत्रा चालू असतात, त्याचं नंतर सांगते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं.

आधी खाण्याचं. खानावळींची नावं मी देणार नाही, कारण नावावरून गेलात तर चुकाल. वेंगुर्ल्यात चांगलं जेवण म्हणजे त्या दिवशी काय आलंय ते. सकाळी लवकर उठा, बाबांना आणि मुलाला घेऊन बंदरावर नाहीतर नवाबागच्या किनाऱ्यावर जा, होड्या येतात तिथे. जाळ्यातून मासळी सोडवत बसलेले असतात, बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या असतात, लिलाव होतो. बघितलंत की कळेल आज बांगडा आहे की सौंदाळे आहेत की तारले आहेत की नुसते पेडवे. आणि मग दुपारी खानावळीत गेल्यावर मेनूकार्ड बाजूला ठेवून विचारा, आज काय इलां? जो माणूस पटकन सांगतो की आज बांगडे आणि मुडदुशे आहेत, सुरमई कालची आहे ती घेऊ नका, तिथे बसा. जो म्हणतो सगळं आहे, तिथून उठा. पापलेट आणि सुरमईच्या मागे लागू नका, आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात, ती छान असतेच, पण ती तुम्हाला पुण्यातही मिळते. मुडदुशे, म्हणजे काणे, ताजे तव्यावर भाजलेले पुण्यात मिळणार नाहीत. तिसऱ्यांचं सुकं, खुबे, कालवं, हे खाडीचं खाणं आहे, ते मागा.

कधीकधी किनाऱ्यावर रापण लागलेली दिसेल. अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मुलाला ओढायला लावा, हात लावणाऱ्याला मूठभर मासे देण्याची पद्धत आहे, आणि ते मासे तो आयुष्यभर विसरणार नाही.

सोमवारी येऊ नका असं नाही म्हणत, पण लक्षात ठेवा की सोमवारी बरीच घरं वशाट (मासे-मटण) खात नाहीत, मार्केटमध्ये मासळी कमी असते, ताजं मिळायची शक्यताही कमी. तो दिवस फिरायला ठेवा. आणि तुम्ही याल तेव्हा मार्गशीर्ष लागला असेल तर गुरुवारही तसाच.

आता तिखलं. दादा, ते हॉटेलात मिळत नाही यात हॉटेलवाल्यांचा दोष नाही. ते घरचं आहे. थोडं करायचं असतं, पाण्याचा अंश नावाला, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणजे धंद्याला परवडणारं नाही. हॉटेलात गिऱ्हाईकाला वाटीभर रस्सा हवा असतो भातावर ओतायला. म्हणून सगळीकडे ती नारळाची कढी मिळते. तुम्ही असं करा, घरगुती खानावळ बघा जिथे घरातलीच बाई रांधते, आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन सांगा की उद्या बांगड्याचं तिखलं पाहिजे, तिरफळ घालून, रस्सा नको. सकाळी बांगडे तुम्ही स्वतः घेऊन दिलेत तर आणखी बरं. मी खात्रीने सांगते कुणीही नाही म्हणणार नाही, उलट खूश होतील की कुणीतरी हे मागतंय.

चाकरमानी_डोंबिवली
नवाबागवाली ताईंशी सहमत पण एक सांगतो, तिखल्यात ओला नारळ अजिबात नसतो असं नाही हां. आमच्या घरी आई अर्धी मूठ वाटते, म्हणजे फक्त मिरचीला धरून ठेवायला. सुक्या लाल मिरच्या भिजवून, हळद, थोडे धणे, ती अर्धी मूठ खोबरं, हे सगळं पाट्यावर गंधासारखं बारीक. बांगड्याचे मोठे तुकडे, मातीच्या भांड्यात असेल तर उत्तम. वाटप, मीठ, थोडंसंच पाणी, उकळी आली की बांगडे, मग सोलं म्हणजे आमसुलं. आणि तिरफळं शेवटी, चार-पाचच, पाण्यात थोडी ठेचून. वरून कच्चं खोबरेल चमचाभर. झाकण ठेवायचं आणि चमचा घालायचा नाही, भांडंच हलवायचं.

तिरफळाचं बी काढून टाकायचं असतं, काळं बी कामाचं नाही, वास सगळा सालीत. आणि तिरफळ खायचं नसतं. ताटात आलं तर बाजूला काढायचं. लहान असताना मी एकदा चावलं होतं, जीभ अर्धा तास बधिर. मुलाला आधी सांगून ठेवा.

दादानू, तुमचे बाबा जा सांगतत ताच खरा तिखला. आमच्या गावाक इल्याशिवाय त्येची चव कळाची नाय.

नवाबागवाली
खोबऱ्याचं घराघरावर आहे, आमच्याकडे कुणी घालत नाही, तुमच्याकडे घालत असतील, गावागणिक बदलतं. तिरफळावर मात्र सगळ्यांचं एकमत. तारले-बांगड्यासारख्या तेलकट माशालाच तिरफळ, पापलेटात कुणी घातलं तर आजी रागावायची.

आईंसाठी सांगते. शिवराक जेवण (आमच्याकडे शाकाहाराला शिवराक म्हणतात) वेंगुर्ल्यात वाईट मिळत नाही पण हॉटेलात मागितलंत तर पनीर देतील, म्हणून तिथेही आदल्या दिवशी सांगा. सकाळी घावणे आणि चटणी, नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, आमच्याकडे सांबारं म्हणतात. कुळथाची पिठी आणि भात, वर सोलकढी. सोलकढी आगळाची (कोकमाच्या रसाची) ताजी केलेली हवी, बाटलीतल्या गुलाबी पाण्याला सोलकढी म्हणू नका. शिरवाळे नारळाच्या गोड रसातले, हे नाश्त्यालाच सांगून ठेवावं लागतं कारण साच्यातून पाडायचा व्याप आहे. ओल्या काजूगरांची उसळ ही आईंना मिळाली असती तर फार आवडली असती पण काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून, डिसेंबरात मोहोरच असतो. काजू विकत घ्या मात्र, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. इथे १९५७ पासून फळसंशोधन केंद्र आहे, त्यांनीच वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती काढल्या, बागायतदार त्याच लावतात. काजू घेताना सालीसकट भाजलेले घ्या, पांढरेशुभ्र मोठे नाही. चवीत फरक आहे.

फिरण्याचं. एक अख्खा दिवस दक्षिणेकडे ठेवा, शिरोडा-रेडीच्या रस्त्याला. गावातून निघालात की आधी सागरेश्वर, पुळणीतच (वाळूतच) देऊळ आहे, सुरूची झाडं, चढ नाही, आईंना अगदी सोपं. मग घाटी चढून वर आलात की मोचेमाडची खाडी आणि समुद्र खाली दिसतो, गाडी थांबवा, रस्त्याकडेलाच दिसतं सगळं. तिथे खाडीच्या तोंडाशी मात्र पाण्यात उतरू नका, प्रवाह ओढून नेतो. पुढे आरवली. वेतोबाचं देऊळ. वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या मोठ्या चपला वाहतात, हातभर लांब. लोकांची श्रद्धा अशी की देव रात्री गावची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. मुलाला त्या चपला दाखवा. आधी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात फणसाचं लाकूड घरकामाला वापरत नाहीत.

आरवलीला लागूनच शिरोडा. तिथली मिठागरं थांबून बघा, १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, लोकांना दांडी माहीत असते, शिरोडा माहीत नसतं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिक्षक होते. वेळागरचा किनारा लांबलचक, सुरूचं बन, संध्याकाळ तिथे काढा. दिवस उरला तर रेडीचा गणपती, १९७६ मध्ये खाणीत मूर्ती सापडली ते देऊळ. यशवंतगड आणि पुढे तेरेखोल हे किल्ले आईंचे गुडघे बघून ठरवा, यशवंतगड झाडीने भरलाय आणि चालावं लागतं.

गावात बंदरावरचं दीपगृह, टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, तिथे बाबा आणि तुम्ही जा, आई खाली धक्क्यावर बसू दे, खालूनही सूर्यास्त तेवढाच दिसतो. लांब समुद्रात खडक दिसतात ते वेंगुर्ला रॉक्स, तिथल्या गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. पूर्वी त्यांच्या घरट्यांची चोरी व्हायची, ती घरटी लाळेची असतात आणि परदेशात सूपसाठी विकली जातात. ते प्रकरण उघडकीला आल्यावर राखण सुरू झाली. किनाऱ्यावरून नुसतं बघायचं.

आणि मांडवी खाडीतली कांदळवन सफारी चुकवू नका. स्वामिनी बचत गटाच्या बायका चालवतात. स्वतः होडी वल्हवतात, इंजिन नाही म्हणून आवाज नाही, तिवरं कशी ओळखायची, मुळं वर का येतात, कुठल्या झाडाचं बी झाडावरच रुजतं, हे सगळं त्या सांगतात. माझ्या ओळखीतल्या एक काकू त्यात आहेत, आधी मासे विकायच्या, आता बाहेरून आलेल्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना झाडं समजावून सांगतात, त्यांचं बोलणं ऐकताना माझे डोळे भरून येतात. भरती बघून वेळ ठरते म्हणून आधी विचारून जा. सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात, आई होडीत बसू शकतात, चढताना हात देतील.

गिरगावची_मावशी
डच वखार राहिली ना ताई! भर गावात सतराव्या शतकातली वखार आहे, पडकी, भिंतीत झाडं वाढलेली, पण उभी आहे. पुढे बेळगावच्या ब्रिटिश छावणीचा माल याच बंदरातून जायचा, आंबोली घाटाचा रस्ता त्यासाठीच. समीर, तुम्ही पुण्याहून आंबोलीमार्गेच याल ना? आजरा-आंबोली-सावंतवाडी-वेंगुर्ला. म्हणजे तुम्ही त्याच जुन्या बंदररस्त्याने येताय हे मुलाला सांगा. सावंतवाडीला मोती तलावाशी थांबून लाकडी खेळणी घ्या, प्लास्टिकपेक्षा शंभरपट बरी, आमच्या घरी तीस वर्षांची लाकडी भाजी आहे, रंग अजून तसाच.

समीर_पुणे
बापरे, एवढं सगळं. मनापासून आभार. वखारीचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले तिथून आम्ही सायकलवरून जायचो. नवाबागवाली ताई, जत्रेचं सांगणार होतात?

आणि कासवं? कुणीतरी म्हणालं वायंगणीला कासवांची पिल्लं बघायला मिळतात.

नवाबागवाली
हो, जत्रेचं राहूनच गेलं आणि तेच मला सांगायचं होतं.

कासवं डिसेंबरात नाही दादा. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला लागतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं, बघायला मिळतात ती मुख्यतः फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये. वायंगणीला गावातले लोक घरटी राखतात, कुंपण घालून, आणि पिल्लं सोडताना बघायला मिळतात. त्यासाठी वेगळं या.

जत्रा. नोव्हेंबर-डिसेंबरात वेंगुर्ला-कुडाळ-सावंतवाडी भागात जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या देवळात जत्रा असते, तुमच्या लॉजवाल्याला विचारा आज कुठे आहे, त्याला माहीत असतंच. दिवसभर बायका ओट्या भरतात. रात्री दहा-अकराला जा. देवळाबाहेर खाज्याची दुकानं लागलेली असतात, गुळाच्या पाकातलं आल्याचं मालवणी खाजं, कुरमुऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, कंदिलाच्या जागी आता बल्ब आले एवढंच. मध्यरात्री पालखी निघते. आणि मग दशावतार. नाटकाचं लिहिलेलं पुस्तक नसतं, नट आयत्या वेळी बोलतात. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येतो, मग आख्यान. बाईची कामं पुरुषच करतात आणि दहा मिनिटांत तुम्ही विसरता की हा पुरुष आहे. स्वतःचा रंग स्वतः लावतात, पेटाऱ्यातला मुकुट स्वतः काढतात, हार्मोनियम-पखवाज-झांज, बस. पहाटेपर्यंत चालतं. आपलं काम झालं की राजाच्या वेशातला माणूस मागे जाऊन चहा पितो आणि सकाळी तोच शेतात असतो.

मी लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून बघायचे, मधेच जाग यायची ती राक्षसाच्या आरोळीने. मुलाला नक्की न्या, दुपारी झोपवून ठेवा. आईंसाठी घरून एक चटई आणि शाल, थंडी पडते रात्री. मोबाइलचा फ्लॅश मारू नका, नटाच्या डोळ्यावर येतो.

किनारा, देऊळ हे सगळीकडे आहे. हे फक्त आमच्याकडे आहे.

चाकरमानी_डोंबिवली
ताई बरोबर बोललात. आम्ही मुंबईत नोकरी करणारे लोक गणपतीला जातोच, पण जत्रेसाठी रजा काढतो ते ह्याच्यासाठी. कोकणकन्येचं तिकीट नाही मिळालं तर तुतारीने, तेही नाही तर एसटीने, पण जायचं. समीर, जत्रेला जाल तेव्हा देवळासमोर चपला एका बाजूला ओळीत ठेवा आणि दक्षिणेच्या पेटीत काहीतरी टाका, नटांना त्यातलं मिळतं की नाही माहीत नाही म्हणून मी वेगळं त्यांच्या पेटाऱ्यापाशी जाऊन देतो, हातात.

समीर_पुणे
मंडळी, जाऊन आलो. काल रात्री पोचलो पुण्यात, आधी इथे लिहितोय.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चालत फिरत एका घरगुती खानावळीत गेलो, मावशी एकट्याच रांधत होत्या, त्यांना तिखलं म्हटल्यावर त्या थोडा वेळ बाबांकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या कुणी सांगितलं तुमका? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी बंदरावर गेलो, मुलगाही उठला होता, बारा बांगडे घेतले, डोळे अगदी चकचकीत, आणि मावशींना नेऊन दिले. दुपारी जेवायला बसलो. घट्ट, लाल, वर खोबरेलाचा तवंग, आणि तो वास. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले थोडं कमी तिखट आहे, ती जास्त मिरची घालायची. मग काहीच बोलले नाहीत, तीन बांगडे खाल्ले. मावशींनी उरलेलं रात्रीसाठी झाकून ठेवलं, आणि ताई म्हणाल्या तसंच झालं, रात्री जास्त चांगलं लागलं. खोबरं घातलं होतं का ते विचारलं मी, म्हणाल्या मूठभर पण नाही, चिमूटभर. तुम्ही दोघं काय ते ठरवा.

आईला शिरवाळे इतके आवडले की तिने साचा कुठे मिळेल विचारलं आणि मावशींनी आपला जुना लाकडी साचा दाखवला. कांदळवनात मुलगा तासभर शांत बसला, हे घरी कधी होत नाही. जत्रा मात्र आम्हाला एकच मिळाली, पहाटे तीनपर्यंत बसलो, मुलगा झोपला, आई जागी होती! तिला आख्यान सगळं माहीत होतं, ती मला पुढचं आधीच सांगत होती.

एक प्रश्न. बाबांना तिरफळ पुण्यात हवंय. आम्ही बाजारातून आणलं पावशेर, पण ते किती दिवस टिकतं, आणि संपल्यावर काय?

नवाबागवाली
दादा, वाचून इतका आनंद झाला. मावशींना जाऊन सांगते, कुणाकडे गेला होतात ते अंदाजाने कळलंच.

पावशेर म्हणजे वर्ष निघेल, एका वेळी पाच-सहाच लागतात. काळं बी राहिलं असेल तर आत्ताच सगळं निवडून टाका, सालं एक दिवस उन्हात ठेवा आणि काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधारात. फ्रिजमध्ये नको, वास बाकीच्याला लागतो. नवं तिरफळ पावसाच्या शेवटाला झाडावरून निघतं आणि वाळून बाजारात येतं, गणपतीनंतर. संपत आलं की इथे लिहा. आमच्या परसात एक झाड आहे, काटे फार आहेत त्याला, पण काढते मी.